मधलं वाच

आमच्या घरात पुस्तकं आजारी पडून येत. कुणाची शिवण उसवलेली, कुणाचा पुठ्ठा गेलेला, कुणाच्या कोपऱ्यांवर उधईनं, म्हणजे वाळवीनं, मनसोक्त ताव मारलेला. बाबा वर्ध्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात बांधणीचं काम करत. ग्रंथालयातली त्यांची खोली म्हणजे जिन्याखालची बोळकांडी. तिथे सुई ओवायला उजेड नसे, म्हणून ग्रंथपालांच्या परवानगीनं ते पुस्तकं सायकलच्या कॅरिअरला बांधून नालवाडीला घरी आणत. चारच्या सुमारास सायकलची घंटी वाजली की आई चुलीवर चहाचं आधण ठेवी आणि दुसऱ्या भांड्यात पानं चिकटवायची मैद्याची लई. लईत मोरचूद घालायचं, म्हणजे पुस्तकाला पुन्हा कीड लागत नाही. पण मोरचूद म्हणजे विष. त्यामुळे ते भांडं वेगळं, त्याचा पळा वेगळा, आणि आम्ही त्याच्या आसपास फिरकलो तरी आई ओरडायची, "मरता का वं? सरका तिकडं!" चहाचा वास आणि लईचा वास एकत्र आला की मला अजूनही घरी आल्यासारखं वाटतं. हे कुणाला सांगितलं तर हसतात. हसोत बापडे.

अंगणात कडुनिंबाखाली पोतं अंथरून बाबा बसत. मांडी घालून, तोंडात दोरा धरून, समोर सुटे झालेले फर्मे. फर्मा म्हणजे छापखान्यातून एकत्र घडी होऊन आलेल्या पानांचा गठ्ठा. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक होतं. पण उधईला नेमके कोपरेच आवडत, आणि पानांचे आकडे कोपऱ्यातच असत. एकदा बाबांनी अंदाजानं फर्मे लावले आणि एका प्राध्यापकांनी ते पुस्तक सगळ्यांसमोर बाबांच्या टेबलावर आपटलं. तेव्हापासून बाबांनी स्वतःची पद्धत काढली. एका पानाची शेवटची ओळ वाचायची, पुढच्या पानाची पहिली ओळ वाचायची. वाक्य जुळलं तर पान बरोबर. हे वाचायचं काम माझं. मी तेव्हा दहावी होऊन अकरावीत गेलेले, आवाज खणखणीत, आणि बाबांना चाळिशी लागलेली. "हं, शेवट वाच," बाबा म्हणत. मी वाचे. "आता सुरुवात वाच." मी वाचे. "जुळलं," बाबा म्हणत, आणि सुई आत जाई.

असं आमच्या घरानं कितीतरी शास्त्रं पानांच्या काठाकाठानं वाचली. पाणी मुरतं कसं, संप फुटतात कसे, जातीनं गावाच्या विहिरी कशा वाटून घेतल्या, सगळ्याचा अर्धा शेवट आणि अर्धी सुरुवात आम्हाला ठाऊक. आई बाजूला तांदूळ निवडत किंवा वाती वळत बसलेली असे. तिचं शिक्षण तिसरीपर्यंत. पण कान मात्र असा तिखट, की एखादा शब्द अडला की तिथंच हात थांबे. "पितृसत्ताक म्हंजे काय जी?" ती बाबांना विचारी. बाबा तोंडातला दोरा न काढता म्हणत, "बापाचं राज." "म्हंजे तुमचं?" "माह्यं कुठलं राज आलं वं! मले तर चहाबी मांगून घ्या लागते." असं ते म्हणाले की आई हसायची. तिचं हसणं मोठं होतं, पलीकडच्या घरात ऐकू जायचं.

त्या उन्हाळ्यात आईचं हसणं जरा कमी झालं होतं. आजोबा, म्हणजे आईचे वडील, हिवाळ्यात गेले होते. हिंगणघाटच्या पुढे वेणा नदीच्या काठी आईचं माहेर, तिथे त्यांचं शेत, म्हणजे वावर. मागे तिघं: आईची मोठी बहीण, म्हणजे माझी मावशी, मग आई, आणि सगळ्यांत धाकटे वसंतामामा. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर तिघांचीही नावं लागली. आणि मामांचा निरोप आला, की यंदा दोघी बहिणी रसाच्या जेवणाला या, नवीन लुगडी घेऊन ठेवली आहेत, आणि आल्यासारखं हिंगणघाटला जाऊन हक्कसोडावर सह्या करून द्या. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे बाप गेला की बहिणी सही करतात, भाऊ लुगडं नेसवतो, आणि मग जन्मभर उन्हाळ्यात रसाला आणि दिवाळीला बोलावतो. सगळ्याच करतात. आईनंही "येतो म्हणून सांगजो" असा उलट निरोप पाठवला होता. पण त्या दिवसापासून ती कोपऱ्यात बसून उगाच तांब्या घासत राहायची. तांब्या लख्ख असला तरी.

आणि नेमकं त्याच आठवड्यात ते जाडजूड पुस्तक आलं. समाजशास्त्राच्या कुणा बाईंचा प्रबंध, मराठीत छापलेला, शिवण पार सुटलेली. बाई गावोगाव फिरून शेतात राबणाऱ्या बायकांशी बोलल्या होत्या. हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मी नेहमीसारखी काठच वाचत होते. एका पानाचा शेवट असा होता, की बहीण जमिनीवरचा हक्क सोडते तेव्हा ती. पान संपलं. पुढच्याची सुरुवात, की माहेरी येण्याजाण्याची वाट विकत घेत असते. "जुळलं," बाबा म्हणाले आणि सुई घातली. मी पुढचं पान उचललं.

"थांब वं," आई म्हणाली. तिच्या हातातलं सूप मांडीवर तसंच. "मधलं वाच."

आमच्या घरात मधलं कुणी कधी मागितलं नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी दोरा तोंडातून काढला आणि मान हलवली. मग मी ते पान वरून खालपर्यंत वाचलं. भाषा अवघड होती, वाक्यं लांबलचक, तीन-तीन ठिकाणी श्वास घ्यावा लागे. पण गोष्ट सरळ होती. त्या बाईंनी लिहिलं होतं, की सही का केली असं विचारल्यावर बायका एकमेकींना न भेटता, वेगवेगळ्या गावांत, जवळजवळ एकच उत्तर देतात: भाऊ तुटेल. आणि पुढे लिहिलं होतं, की भावाचं प्रेम खरंच असतं, त्यात खोटं काही नाही. पण त्या प्रेमाची किंमत फक्त बहिणीनंच का मोजायची, हे त्या घरात कुणी मोठ्यानं विचारलेलं नसतं.

आईनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "या बाईले माह्यं कसं मालूम?"

"तुह्यं नाई वं," बाबा म्हणाले. "साऱ्याईचं लिवलं हाय."

"तेच तं म्हन्तो मी," आई म्हणाली. "मले वाटे हे माह्या एकटीच्याच पोटात हाय. मले वाटे मीच लालची हाव, म्हनून असे इचार येतात." आणि ती रडायला लागली. दुःखानं नव्हे, हे मला तेव्हाही कळलं. पाठीवरचं ओझं कुणीतरी खालून जरा उचलून धरलं की जसं हुश्श होतं, तसं ते रडणं होतं.

मी पुढे आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं. लोक मला विचारतात, ही विद्वानांची जाड पुस्तकं कोण वाचतं हो, कपाटात पडून राहतात नुसती. मी भांडत नाही. आता वयही नाही भांडायचं. मी फक्त एवढं म्हणते, की माझ्या आईला जे सख्ख्या बहिणीशी बोलता आलं नाही, ते तिला कडुनिंबाखाली कुणा अनोळखी बाईनं सांगितलं, तेही तळटिपांसकट. बातम्या आपल्याला काल काय झालं ते सांगतात. ही पुस्तकं सांगतात, की आपल्या घरात जे रोज होतं ते आपल्या एकट्याच्या घरात होत नाही. माझ्या मते, ते कळलं की माणूस निम्मा सुटतो.

पुस्तक त्या शनिवारी परत जायचं होतं. बाबांनी नेलं नाही. नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी पुस्तक उशिरा देणार असल्याचं ग्रंथपालांना सांगितलं, वर लई अजून ओली आहे अशी थापही मारली. उन्हाळ्यात लई तासाभरात वाळते! रोज संध्याकाळी मी मधलं वाचे आणि आई ऐके. बाबांना तिनं विचारलं, "मी काय करू?" बाबा म्हणाले, "तुह्यं माहेर, तुह्यं वावर. मी बोललो तं उद्या वसंता म्हनंन, जावयानं डोकं फिरोलं." हे बाबांचं खरं होतं. आई चिडली, "कामाच्या वक्ताले बापाचं राज कुठं जाते कोनास ठाऊक," म्हणाली. पण निघायच्या दिवशी तिनं ते पुस्तक देवघरातल्या लाल कापडात नीट गुंडाळलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तू चाल माह्यासंगं. मले बोलता नाई आलं तं तू वाचजो."

माहेरी पोचलो तेव्हा रस काढणं चाललं होतं. मामी परातीत आंबे माचून रस पिळत होत्या, कोपरापर्यंत हात पिवळे. मावशी आदल्या दिवशीच आलेली. मामांनी हसत आईची पिशवी घेतली, "बाई, किती वाट पाह्यली वं," म्हणाले. आणि आईचा चेहरा एकदम फुलला. हे माणूस तिला गमावायचं नव्हतं. आणि मामा वाईट नव्हतेच. लहानपणी आईनंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलेलं. पंगत बसली. रस, पोळ्या, तळलेल्या कुरडया, भिजवलेल्या डाळीची भाजी, आणि वाटीत तुपाची धार. मामा स्वतः वाढत होते. आईला आग्रह करकरून तिसरी वाटी घातली. कपाटावर दोन लुगड्यांची पुडकी दिसत होती. उद्या सकाळी हिंगणघाटला जायला जीप सांगितली होती.

जेवणं झाली, सगळे ओसरीवर आले. आई बोलायला तोंड उघडी आणि मिटे. मीच घाबरून ते लाल कापड मांडीवर घेतलं. आणि इथे मामींनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी लाल कापडातलं जाड पुस्तक पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला. "अगं बाई, पोथी आनली का? माह्या सासऱ्याच्या नावानं वाचता का? सांगाचं नाई का आदी!" म्हणत आत धावल्या, पाट आणला, पाटावर तांदूळ घातले, पुस्तक ठेवलं, त्याला हळद-कुंकू वाहिलं, जास्वंदीचं फूल ठेवलं, उदबत्ती लावली. शेजारच्या दोन बायकांना हाका मारल्या. त्याही हात पुसत आल्या. मामांनी टोपी सरळ केली आणि मांडी घालून हात जोडले. मी आईकडे पाहिलं. मला हसू आवरेना आणि भीतीही वाटे. आई अगदी हळू म्हणाली, "वाच."

मी वाचलं. नालवाडीच्या अंगणात कमावलेल्या खणखणीत आवाजात, प्रस्तावना सोडून थेट त्या प्रकरणापासून. पहिलं पानभर सगळे भाविकपणे माना हलवत होते. शेजारच्या एका बाईनं "जमीन" शब्दाला नमस्कारही केला. मग वावरात निंदण करणाऱ्या बायका आल्या, सातबारा आला, भाऊ-बहीण आले, सही आली. हळूहळू ओसरीवर चुळबुळ थांबली. मामांचे जोडलेले हात सुटले. "हे कोन्ती पोथी हाय?" ते म्हणाले आणि उठायला लागले.

"बसा जी," मामी म्हणाल्या. "वाचन चालू असल्यावर मधात उठत नसतात. पाप लागते."

मामा बसले. काय करतात! उदबत्ती जळत होती, फूल वाहिलेलं होतं, शेजारणी बघत होत्या. प्रकरण संपेपर्यंत ते मान खाली घालून बसून राहिले. भाऊ तुटेल, हे त्या बायकांचं उत्तर आलं तेव्हा मावशीनं पदर तोंडाला लावला. मी थांबले. मग मामीच बोलल्या. पाटाकडे बघत, जणू स्वतःशीच. "मी केली सही, तवा मले कोनी वाचून दाखोलं नाई. मले म्हने इथं आंगठा लाव, मले लिवता येते तरी म्हने आंगठाच लाव, जल्दी होते." त्यांचा आवाज चढला नव्हता. पण मामांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू तिला माहेर होतं हे त्यांना आजच कळलं.

आता आईचं तोंड उघडलं. "वसंता, मले तुह्यं काही हिसकाचं नाई. वावर तूच वाह, पीक तूच घे. पन माह्या बापाच्या वावरावरून माह्यं नाव मी पुसत नाई. मी सही नाई करत."

मामा उठले, वहाणा पायात घातल्या आणि रणरणत्या उन्हात निघून गेले. दिवेलागणीला परत आले ते कुणाशी बोलले नाहीत. सकाळी जीप आली. मावशी गेली आणि सही करून आली. "मले या वयात बिघाड नको वं," ती आईला म्हणाली, आणि आईनं तिला काही म्हटलं नाही. मीही म्हणत नाही. त्या बाईंच्या पुस्तकात मावशीसाठीही जागा होती, तिच्यावर ठपका नव्हता. आम्हाला बसथांब्यावर सोडायला मामा आले नाहीत. मामी आल्या. लुगडं त्यांनी आईच्या पिशवीत कोंबलं आणि म्हणाल्या, "हे वावराचं नाई. हे माह्याकडून हाय."

पुस्तक कुंकवाच्या बोटांसकट ग्रंथालयात परत गेलं. ग्रंथपालांनी बाबांना विचारलं म्हणे, की हे काय? बाबा म्हणाले, "साहेब, पुस्तक चांगलं होतं." बस्स, एवढंच. मी पुढे त्याच कॉलेजात शिकायला गेले तेव्हा ते मुद्दाम काढून पाहिलं. पुठ्ठ्यावर फिकट लाल ठसे होते. मी तोच विषय घेऊन पुढे शिकले, हे निराळं सांगायला नको.

ते वर्ष मात्र आमच्या घराला जड गेलं. आईनं राखी पोस्टानं पाठवली, उत्तर आलं नाही. दिवाळीला बोलावणं नाही. भाऊबीजेला आईनं चंद्राला ओवाळलं आणि ताट घेऊन तशीच उभी राहिली. गल्लीतल्या बायका विचारत, आई म्हणे, "त्याच्या घरी कामं लय हायत." तिला पश्चात्ताप झाला होता का? मी एकदा विचारलंही. तर माझ्या डोक्यात टपली मारून म्हणाली, "सहीचा नाई होत. भावाची याद येते, ते निराळं." हल्ली मी निवृत्त आहे. तहसिलीत काही कामानं गेले की अजूनही नव्या लुगड्यांतल्या बहिणी रांगेत बसलेल्या दिसतात, शेजारी भाऊ थंडा पाजतो आहे. आता सातबारा मोबाईलवर दिसतो, कायदे बदलले, मुली नोकऱ्या करतात, पण ती रांग आहेच. एखादीशी डोळे भिडले की मला विचारावंसं वाटतं, बाई, मधलं वाचलंस का? कधीकधी विचारतेसुद्धा. बहुतेकजणी हसून मान वळवतात. एकीनं मात्र परवा बाजूला सरकून बसायला जागा दिली. आम्ही तासभर बोललो.

तर, त्या जड वर्षानंतर पुन्हा उन्हाळा आला. बाजारात आंबे आले, गल्लीतल्या लेकी एकेक करून माहेरी जाऊ लागल्या. निरोप येत नव्हता. आई दारात बसून रस्ता पाही, पोस्टमन गेला की आत येई. मृग तोंडावर आला. एके सकाळी ती उठली, न्हाली, मामींनी दिलेलं तेच लुगडं नेसली आणि पायात चपला घालू लागली. बाबा म्हणाले, "कुठं? बोलावलं कोनं तुले?"

"आपल्याच वावरात जायले बोलावनं कायले पायजे जी?" आई म्हणाली. मी तिच्यामागे पळाले.

मामा घरी नव्हते, वावरात होते. मामींनी पाणी दिलं, गूळ दिला, डोळे पुसले आणि हातानंच वाट दाखवली. कडेला धुऱ्यावर मागच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, काड्या रचून ठेवल्या होत्या. वखर फिरून जमीन मोकळी झाली होती. मामा पलीकडच्या टोकाला उभे होते. त्यांनी आम्हाला लांबूनच पाहिलं. ते आलेही नाहीत आणि वळलेही नाहीत. आई ढेकळांतून चालत चालत त्यांच्यापाशी गेली आणि नुसती उभी राहिली. दोघंही वावराकडे बघत होते. ऊन मी म्हणत होतं. मला वाटलं, आता एक तर रागानं बोलतील नाहीतर निघून जातील. मामांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, तोंड पुसलं, पुन्हा बांधला. आजवर त्यांनी बहिणीला, अजून रस वाढू का, एवढंच विचारलेलं मी ऐकलं होतं.

"बाई," ते समोर बघतच म्हणाले, "या पट्टीत यंदा काय घ्याचं? पऱ्हाटी का तूर?"

आईनं वाकून मूठभर माती उचलली, बोटांत चोळून पाहिली.

"तूर," ती म्हणाली.

"बरं," मामा म्हणाले.